वडिलांचा वाचाघात : प्रमाण मराठीतली चाचणी मालवणी माणसाला कितपत लागू पडते?

खाडीकाठ (मालवण तालुका) – प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांना (वय 66) नारळी पौर्णिमेच्या आदल्या पहाटे अंगावरून वारे गेले. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि बोलणे पूर्ण थांबले. वाडीवरून रिक्षा, तालुक्याच्या गावाहून रुग्णवाहिका आणि वाटेत एका ठिकाणी झाड पडलेले, असे करत मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत साडेपाच तास गेले होते. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळली आहे, असे तिथे सांगण्यात आले. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूचा बराच भाग रक्तपुरवठ्याअभावी निकामी झालेला दिसला.

आता साडेतीन महिने झाले आहेत. काठी घेऊन ते अंगणापर्यंत चालतात. बोलण्यात मात्र मोजके दहा-पंधरा शब्द आहेत आणि तेही अडखळत येतात. चाळीस वर्षे रापणीवर (मासेमारीच्या जाळ्यावर) काढलेला हा माणूस, पण परवा बांगडा हातात धरून त्याला ‘पेडवो’ (दुसराच मासा) म्हणाला, चूक झाल्याचे लगेच ओळखले, कपाळावर हात मारून घेतला आणि तरीही योग्य शब्द काही आला नाही. आम्ही काय बोलतो ते त्यांना बहुतेक सगळे कळते, असे घरच्यांचे मत आहे.

गेल्या महिन्यात एका शहरातील रुग्णालयात त्यांची भाषेची चाचणी झाली. अहवालात ‘ब्रोका प्रकारचा वाचाघात, तीव्र’ असे लिहिले आहे (वाचाघात म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणे) आणि वस्तूंची नावे सांगण्यात 10 पैकी 3 गुण दिले आहेत. मी त्या वेळी शेजारीच बसलो होतो. कोळंबीचे चित्र दाखवल्यावर वडील बऱ्याच प्रयत्नाने ‘सुंगटा’ म्हणाले आणि ते चूक धरण्यात आले. विळीला ते ‘आडाळो’ म्हणाले, तेही चूक. एका चित्रात बऱ्याच तारा ताणलेले कसलेसे वाद्य होते, ते मलाही ओळखता आले नाही. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, वागायला चांगल्या होत्या, पण त्या अर्धे हिंदी आणि अर्धे पुस्तकी मराठी बोलत होत्या. आमच्या घरात आजवर कोणीही वडिलांशी तसे बोललेले नाही.

निघताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की तीन महिन्यांत जे परत यायचे ते येते, त्यानंतर फारशी अपेक्षा ठेवू नये. त्या दिवसापासून घरात दोन तट पडले आहेत. थोरला भाऊ म्हणतो की आता उगाच त्यांना त्रास देऊ नका. मला ते पटत नाही आणि त्याला कारण आहे. वडील भजनी मंडळात मागे साथ देत असत. आजही गुरुवारी मंडळी घरी बसली की ते अभंगाच्या ओळी शब्दांसकट म्हणतात. देवळात गाऱ्हाणे सुरू झाले की प्रत्येक वेळी नेमक्या जागी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि तेही खणखणीत. पाणी मागायला मात्र त्यांना शब्द सापडत नाही. हे कसे काय? आणि गाता येते त्याचा उपयोग करून बोलणे परत आणता येईल का? या विषयावर जे संशोधन झाले आहे त्यात खरोखर काय आढळले आहे, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

रातांबा (मूळ राजापूर, सध्या मुंबई)

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि बावीस वर्षे मुख्यतः पक्षाघातानंतरच्या वाचाघातावर काम करते. आपण चाचणीचे जे वर्णन केले आहे ते वाचून वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही.

‘सुंगटा’ आणि ‘आडाळो’ ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, हे आधी स्पष्ट करते. बोलणाऱ्याच्या बोलीत त्या वस्तूला जो शब्द आहे तो आला की नाव सापडले असे धरावे लागते. अन्यथा आपण वाचाघात मोजत नसून शाळेतले मराठी मोजत असतो. दहाच चित्रांच्या चाचणीत दोन उत्तरे अशी गेली की आकडा कुठल्या कुठे जातो. चित्रांबद्दल तर काय बोलावे! वस्तूंच्या नावांसाठी जगभर वापरली जाणारी बोस्टनची 60 चित्रांची जी चाचणी आहे, तिच्यात बर्फाचे घर इग्लू आहे, हार्प नावाचे तंतुवाद्य आहे, प्रेट्झेल नावाचा खाऊ आहे. बोस्टनच्या माणसासाठी ती चित्रे योग्यच आहेत. आपण पाहिलेले वाद्य बहुधा हार्पच असावे. ते ज्याने जन्मात पाहिले नाही त्याला त्याचे नाव आले नाही, यावरून त्याच्या मेंदूबद्दल काहीही कळत नाही.

तपासणी नीट झाली तर तिच्यात चार गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या जातात: माणूस आपणहून किती आणि कसे बोलतो, ऐकलेले त्याला किती समजते, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणता येते का, आणि वस्तूंची नावे सापडतात का. ॲण्ड्र्यू कर्टेझ यांची 1982 मध्ये प्रसिद्ध झालेली वेस्टर्न ॲफेझिया बॅटरी याच चार पायांवर उभी आहे. तिच्यात 100 पैकी 93.8 पेक्षा कमी गुण पडले तर वाचाघात आहे असे मानतात. वाचन आणि लेखन त्याशिवाय पाहायचे असते. यांपैकी आकलन आणि पुनरुच्चार यांचे आकडे आपल्या अहवालात आहेत का, ते कृपया पाहा. ते नसतील तर ‘ब्रोका’ हे नाव घाईने लावले गेले असण्याची शक्यता आहे, कारण तुटक बोलणे आणि तुलनेने शाबूत आकलन ही जोडी दिसल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. आपल्या वर्णनावरून ती जोडी दिसते खरी, परंतु ‘सगळे कळते’ असे घरच्यांना नेहमीच वाटते. जेवणाच्या वेळी ताटाकडे बोट दाखवून ‘जेवायला चला’ म्हटले तर शब्द न समजताही माणूस उठतो. आकलन तपासायचे असेल तर हातवारे न करता, तोंडावर कोणताही भाव न आणता, ‘वाघाने बोकडाला मारले, तर मेले कोण?’ अशा धर्तीचे प्रश्न विचारून पाहावे लागते. ब्रोका प्रकारात नेमकी अशीच वाक्ये अडतात, कारण तिथे अर्थ शब्दांत नसून ‘ने’ आणि ‘ला’ यांच्यात असतो.

या नावामागची हकीगत थोडक्यात सांगते. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण अनेक वर्षे होता. त्याला समजत बरेच असे, पण तोंडातून ‘तां’ एवढाच ध्वनी निघे. 1861 मध्ये तो मरण पावल्यावर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या कपाळामागच्या भागाच्या खालच्या वळीत इजा दाखवली. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसरी बाजू मांडली: मागे, कानाच्या वरच्या भागात इजा झाली तर माणूस भरभर बोलतो, पण बोलण्यात अर्थ राहत नाही आणि ऐकलेले समजत नाही. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात. पुढची गोष्ट अशी की ब्रोका यांनी तो मेंदू जपून ठेवला होता. 2007 मध्ये नीना ड्रॉंकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे एमआरआय काढले, तेव्हा इजा वरवर दिसत होती त्यापेक्षा कितीतरी खोल, पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली आढळली. म्हणजे ज्या रुग्णावरून ‘ब्रोकाचा भाग’ हे नाव पडले, त्याचाच आजार त्या एका भागापुरता नव्हता. माझ्याकडे येणाऱ्यांपैकीही बरेच जण कोणत्याच एका प्रकारात चपखल बसत नाहीत, आणि महिन्या-दोन महिन्यांत प्रकार बदलतोही. त्यामुळे त्या नावाचा फार विचार करू नका.

मराठीबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती इंग्रजी पुस्तकांवर शिकलेल्या नव्या थेरपिस्टच्या लक्षात येत नाही. इंग्रजी बोलणारा ब्रोका रुग्ण शब्दांची शेपटे गाळतो. लिझ मेन आणि लोरेन ऑब्लर यांनी 1990 मध्ये हिंदीसह 14 भाषांमधील अशा रुग्णांचे बोलणे एकत्र अभ्यासले, तेव्हा असे दिसले की ज्या भाषांत प्रत्ययाशिवाय शब्द उभाच राहत नाही, तिथे रुग्ण प्रत्यय गाळण्याऐवजी चुकीचा प्रत्यय लावतो. आपल्याकडे ‘जा’ या धातूपुढे ‘तो’, ‘ते’, ‘ला’, ‘ली’ असे काहीतरी बहुधा लागतेच. त्यामुळे मराठी रुग्ण ‘आई गेला’ म्हणतो; नाम मात्र प्रत्ययाशिवायही उभे राहते, म्हणून ‘बंदरावर’ऐवजी नुसते ‘बंदर’ म्हणतो. त्यात मालवणीचे लिंगवचन आणि क्रियापदांची रूपे प्रमाण मराठीहून वेगळी. ज्याला मालवणी येत नाही तो आजारामुळे झालेली चूक आणि बोलीतले बरोबर रूप यांतला फरक कसा करणार? म्हणून अशा तपासणीत घरच्या एखाद्या जाणत्या माणसाला शेजारी बसवावे आणि ‘तुमच्याकडे हे असेच म्हणतात का?’ असे प्रत्येक शंकेच्या वेळी विचारावे. मी स्वतः राजापूरची असूनही मालवणी रुग्ण आला की विचारते.

आता गाण्याबद्दल. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकातच दोन प्रकारचे बोलणे वेगळे केले होते. मनात आशय जुळवून त्या क्षणी नवे वाक्य रचणे हा एक, आणि पाठ झालेले, सवयीचे, एका ओघात बाहेर पडणारे बोलणे हा दुसरा. पाढे, वारांची नावे, आरती, शिव्या आणि आपले ‘व्हय म्हाराजा’ हे सगळे दुसऱ्या प्रकारात येते. तो प्रकार मेंदूच्या डाव्या बाजूवर तितका अवलंबून नसतो, म्हणून डावी बाजू निकामी झाली तरी तो पुष्कळदा शिल्लक राहतो. पाणी मागणे हे पहिल्या प्रकारचे बोलणे आहे. वडिलांना अभंग येतो आणि पाणी मागता येत नाही, यात नाटक नाही की हट्टही नाही, हे थोरल्या भावांना अवश्य सांगा.

यावरूनच 1973 मध्ये बोस्टनमध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी एक उपचार मांडला. रोजच्या गरजेचे छोटे वाक्य दोन-तीन सुरांत, लांबवून, डाव्या हाताने ठेका धरत रुग्णासोबत म्हणायचे आणि हळूहळू आपला आवाज काढून घ्यायचा. पुढे प्रश्न असा आला की गुण सुराचा की ठेक्याचा. 2011 मध्ये स्टाल आणि सहकाऱ्यांनी 17 रुग्णांवर केलेल्या अभ्यासात सुरापेक्षा ताल आणि शब्दांची सवय यांचा वाटा मोठा दिसला. म्हणून माझा सल्ला असा की अभंग खुशाल म्हणू द्यावा, त्यांच्या मनाला त्याने बरे वाटते, परंतु अभंग म्हटल्याने पाणी मागता येऊ लागेल अशी आशा धरू नये. त्याऐवजी ‘माका पाणी व्हया’ हेच वाक्य ठेक्यात बसवा. वडील टाळ धरणारे असतील तर डाव्या हाताने मांडीवर ताल द्यायला त्यांना शिकवावेही लागणार नाही.

वाशिष्ठी (चिपळूण)

मी फिजिशियन आहे. वरच्या उत्तरात भाषेची बाजू इतकी सविस्तर आली आहे की तिथे मी भर घालणार नाही. तीन महिन्यांच्या विधानाबद्दल मात्र लिहिणे आवश्यक वाटते, कारण ते आम्हा डॉक्टरांच्याच तोंडून जाते.

त्या विधानात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. पक्षाघातात जी पेशी मेली ती मेली. तिच्या भोवतीचा भाग मात्र उपाशी पण जिवंत असतो, सूज असते, आणि इजेपासून दूरचे पण तिच्याशी जोडलेले भागही काही काळ गप्प बसतात. या शेवटच्या गोष्टीला फॉन मोनाकोव यांनी 1914 मध्ये ‘डायास्किसिस’ असे नाव दिले. रक्तपुरवठा सुधारला, सूज उतरली, गप्प बसलेले भाग जागे झाले की काही न करताही सुधारणा दिसते. ती पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने होते आणि साधारण तीन महिन्यांनंतर मंदावते. डॉक्टर बोलतात ते या आपोआप होणाऱ्या सुधारणेबद्दल. सरावाने होणारी सुधारणा ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला अशी मुदत नाही.

याचा सर्वांत भक्कम पुरावा 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काटेरीना ब्राइटेनश्टाइन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतील 19 केंद्रांत 156 रुग्ण घेतले. त्यांच्यात वाचाघात होऊन सहा महिन्यांहून कमी काळ झालेला एकही नव्हता. अर्ध्यांना लगेच तीन आठवडे, आठवड्याला किमान 10 तास उपचार दिले. उरलेल्यांना तेवढे थांबवून नंतर दिले. ज्यांना उपचार मिळाले त्यांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे सुधारले, जे थांबले होते त्यांचे त्या काळात सुधारले नाही. आपल्या वडिलांना अजून चार महिनेही झालेले नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील ‘व्हर्स’ या चाचणीत 246 रुग्णांना पक्षाघातानंतर दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू केले. तिथे नेहमीपेक्षा जास्त उपचार दिलेल्यांना जास्त फायदा झाला नाही. म्हणजे पहिल्या दिवसांत रुग्णाला तासन्‌तास बोलायला लावले म्हणजे गाडी लवकर रुळावर येते, असे नाही. त्या काळात आपली काही संधी हुकली या विचाराने खंत करू नका.

माझ्या विभागाचे तीन मुद्दे राहतात. गुठळी कुठून आली याचा छडा लागला आहे का? हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर नुसत्या ॲस्पिरिनवर भागत नाही, रक्त पातळ ठेवणारी वेगळी गोळी लागते, आणि हा दोष एका ईसीजीत सापडेलच असे नाही. रक्तदाब घरी मोजून वहीत लिहीत जा. आणि वडील गप्प बसू लागले, जेवण टाळू लागले, झोप बिघडली तर ‘आजाराने स्वभाव बदलला’ म्हणून सोडून देऊ नका. वाचाघातानंतर नैराश्य पुष्कळ रुग्णांना येते, ते बोलून दाखवू शकत नाहीत, आणि त्यावर औषध आहे.

आणखी एक, धागा वाचणाऱ्या सर्वांसाठी: चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात खाली पडणे आणि बोलणे अचानक बोबडे किंवा निरर्थक होणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर घड्याळ पाहा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. कोकणातल्या रस्त्यांवर त्यातला अर्धा वेळ प्रवासातच जातो, त्यामुळे घरी तेल चोळत बसण्याइतकी उसंत आपल्यापाशी नाही.

एका बाबतीत रातांबा यांच्याशी थोडा मतभेद आहे. प्रकाराच्या नावाचा फार विचार करू नका, असे त्या म्हणतात. आम्हाला त्या नावाचा उपयोग होतो, कारण कोणती धमनी बंद पडली याचा अंदाज त्यावरून येतो.

कुलाबकर (अलिबाग)

मी तज्ज्ञ नाही. माझ्या आईला चार वर्षांपूर्वी वेर्निके प्रकारचा वाचाघात झाला, म्हणून लिहीत आहे.

तिचे हातपाय शाबूत होते, तोंड वाकडे झाले नव्हते. एका दुपारी ती अंगणातून आत आली आणि अतिशय आत्मविश्वासाने, हातवारे करत, असे काही बोलू लागली ज्यातला एकही शब्द मराठी नव्हता. वाक्याचा सूर मात्र मराठीच होता. प्रश्न विचारला तर उत्तर भलतेच, आणि आम्हाला समजत नाही याचा तिला राग. शेजारच्यांनी बाहेरची बाधा म्हटले. नारळ उतरवून झाला, एका देवऋष्याकडेही जाऊन आलो. नंतर ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू केल्या. पाचव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी स्कॅन काढायला सांगितले, तेव्हा खरे काय ते कळले. हात लुळा पडला असता तर आम्ही पहिल्याच तासाला धावलो असतो, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

प्रश्नकर्त्यांना एक उपयोगी माहिती देतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात जे 21 प्रकार आहेत, त्यांत वाचा आणि भाषा दिव्यांगता हा एक आहे आणि तिथे वाचाघाताचा शब्दशः उल्लेख आहे. आमच्याकडे बहुतेकांना फक्त हातापायाचे प्रमाणपत्र ठाऊक असते. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करताना दोन्ही गोष्टी लिहा. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगता ठरली तरच बहुतेक सवलती लागू होतात, आणि नुसत्या पायावरून तेवढी न भरणाऱ्या माणसाची दोन्ही मिळून भरू शकते. आईच्या वेळी आम्हाला हे दोन वर्षांनी कळले.

रातांबा

वाशिष्ठी यांचे म्हणणे मान्य आहे. धमनीचा अंदाज घेण्यासाठी नाव उपयोगी आहेच. मी घरच्यांच्या दृष्टीने लिहिले होते.

सरावाच्या मात्रेबद्दल विचारणा होईल म्हणून आधीच लिहिते. अनेक देशांतील चाचण्यांची रुग्णनिहाय माहिती एकत्र करणाऱ्या ‘रिलीज’ या गटाने 2022 मध्ये दाखवले की भाषेत सर्वांत जास्त सुधारणा एकूण 20 ते 50 तास उपचार मिळालेल्यांत दिसली. आपल्याकडे पाच-सहा खेपांनंतर रुग्ण येणे थांबते, आणि त्यात रुग्णाचा दोष नसतो. मालवणहून कोल्हापूर किंवा मुंबई दर आठवड्याला कोण करणार? यावर उपाय म्हणजे व्हिडिओवरून थेरपी आणि मधल्या दिवसांत घरचा सराव. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत किंवा वाचा-श्रवण शिकवणाऱ्या एखाद्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात एकदा प्रत्यक्ष मूल्यमापन करून घ्यावे आणि पुढचे दुरून चालवावे, असे मी सुचवीन.

घरच्या सरावाची मर्यादाही ठाऊक असू द्या. ब्रिटनमधील ‘बिग कॅक्टस’ या चाचणीत 278 रुग्ण होते आणि त्यांपैकी एका गटाने घरी संगणकावर स्वतः शब्दांचा सराव केला. जे शब्द घोटले ते त्यांना चांगले येऊ लागले, परंतु गप्पांमध्ये फरक पडला नाही. यावरून मी एकच अर्थ काढते: घोटायचेच असेल तर जे शब्द त्या माणसाला उद्या सकाळी लागणार आहेत तेच घोटा. सफरचंद आणि जिराफ यांची छापील कार्डे बाजूला ठेवा. शब्द अडला तर लगेच सांगू नका. दहापर्यंत मनात मोजा, मग पहिले अक्षर द्या, मग वस्तूचा उपयोग सांगा, आणि अगदी शेवटी शब्द. तो मिळाल्यावर दोन-तीनदा म्हणवून घ्या.

आणि घरातल्यांनी मोठ्याने बोलू नये. वाचाघाताच्या रुग्णाशी सगळे जण बहिऱ्याशी बोलावे तसे बोलतात. टोरांटोच्या ऑरा केगन यांनी नातेवाईक आणि स्वयंसेवक यांना शिकवण्याची एक पद्धत बसवली आहे. तिचे सार एवढेच की ‘तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे’ असे त्या माणसाला आपल्या वागण्यातून दाखवायचे, आणि कागदावर दोन-तीन मोठे शब्द किंवा साधे चित्र काढून त्याला बोट ठेवायला द्यायचे. प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असा विचारायचा आणि उत्तर बरोबर समजले का, ते पुन्हा विचारून पाहायचे, कारण वाचाघातात पुष्कळदा ‘हो’ म्हणायचे असते आणि तोंडातून ‘नाही’ निघते.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

अहवालात आकलनाचा आकडा होता, पुनरुच्चाराचा नव्हता. तो रकाना कोरा ठेवलेला आहे. वाघ आणि बोकडाचा प्रश्न मी वडिलांना विचारला. ते हसले आणि गोठ्याकडे बोट केले, म्हणजे बोकड. मग मी उलटे, ‘बोकडाला वाघाने मारले’ असे विचारले, तेव्हा ते गोंधळले. भाऊ हे पाहत होता. त्याने काही म्हटले नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानेच मोबाईलवर मासळीचे फोटो काढून आणले: बांगडा, इसवण, सरंगा, मोरी, सुंगटा, आणि घरचा आडाळा. त्यांची मालवणच्या स्टुडिओतून पोस्टकार्डाएवढी छपाई करून घेतली.

रोज सकाळी न्याहारीनंतर अर्धा तास आणि संध्याकाळी दिवाबत्तीनंतर अर्धा तास असा सराव ठेवला आहे. दहापर्यंत मोजणे हेच आम्हाला सर्वांत कठीण गेले. आईला तर चारच्या पुढे राहवत नाही. इसवण आणि सुंगटा हे शब्द आता न अडता येतात. बांगडा अजून दहांतून सहा-सात वेळा ‘पेडवो’च होतो, पण ‘बां’ म्हटले की पुढचे येते. ‘माका पाणी व्हया’ ठेक्यावर जमते. ठेका सोडला की पहिला शब्द अडतो.

ईसीजी साधा आला होता. वाशिष्ठी यांनी लिहिल्यामुळे 24 तासांची नोंद घेणारे यंत्र लावून घेतले आणि तिचा निकाल यायचा आहे. यूडीआयडीचा अर्ज भरला आहे. त्यात वाचाघाताचा कागद जोडण्यासाठी नवे मूल्यमापन लागेल, असे सांगण्यात आले, तेव्हा वांद्र्याला जाण्याचे ठरवले आहे.

रातांबा यांना एक शंका विचारायची होती. वडील तरुणपणी आठ वर्षे मुंबईला ससून डॉकवर होते आणि तिथे हिंदी आणि थोडी गुजराती बोलत. परवा फोनवर त्यांच्या जुन्या सोबत्याशी बोलताना त्यांच्या तोंडून ‘कैसा है’ असे अचानक आणि स्वच्छ बाहेर आले. घरी मालवणीचाच सराव ठेवायचा, की आता हिंदीलाही वाव द्यायचा?

रातांबा

मालवणीच ठेवा. 1895 मध्ये पित्र यांनी मांडले होते की आजाराच्या आधी जी भाषा सर्वांत जास्त वापरात होती ती आधी परत येते, आणि त्यापूर्वी रिबो यांनी सर्वांत आधी शिकलेली भाषा टिकते असे म्हटले होते. आपल्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही नियमांचे उत्तर एकच येते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या सगळ्या भाषा थोड्याफार बरोबरीनेच सुधारतात. ‘कैसा है’ हे मात्र ‘व्हय म्हाराजा’च्या जातीचे असावे. त्या सोबत्याला दर आठवड्याला फोन करायला सांगा आणि फोनवर वडिलांच्या तोंडून नवे काय येते ते वहीत लिहून ठेवा. वांद्र्याला जाताना ती वही आणि मासळीची कार्डे सोबत घ्या, आणि तपासणीआधी ‘आडाळो’ म्हणजे काय ते तिथल्या मुलीला सांगून ठेवा.